पिवळ्या पट्ट्यात चार चुली चालतील का?

नगररचना खात्यात मी आरेखक होतो. तुमच्या गावाच्या विकास आराखड्यावर जो पिवळा रंग दिसतो, तो भरत बसणाऱ्यांपैकी एक. पिवळा निवासी, निळा वाणिज्य, जांभळा उद्योग, हिरवा शेतीचा नि बागांचा. नोकरी सुटली तरी रंग सुटले नाहीत, लोक अजून त्यांचा हिशेब मलाच विचारतात. या अंकासाठी आलेली बरीचशी पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरतात: बंगल्यांच्या आणि कौलारू घरांच्या वस्तीत वेगळ्या धाटणीची घरं येऊ द्यायची का? बहुतेकांनी नाव छापू नका म्हटलंय. म्हणून खाली फक्त ठिकाणं आहेत, तीही मोघम.

प्रश्न : आमच्या नगरपंचायतीने विकास आराखड्याचा मसुदा प्रसिद्ध केला आहे. आमच्या आळीत सगळी कौलारू घरं नाहीतर बैठे बंगले. प्रत्येकाची बाव म्हणजे विहीर, मागे नारळी-पोफळीचं आगर. आता म्हणे इथे एकेका प्लॉटवर चार-चार घरांच्या इमारती होणार. आमची चिंचोळी गल्ली नकाशात नऊ मीटर दाखवली आहे. ‘आमच्या आळीत इमारती नकोत’ असा सगळ्यांच्या सह्यांचा अर्ज तयार आहे. तो दिला की काम होईल ना?
(निवृत्त शिक्षिका, रत्नागिरी जिल्ह्याचा उत्तर किनारा)

उत्तर : बाई, अर्ज द्या, पण हा नको. हा दिलात तर सुनावणीत दोन मिनिटांत निकालात निघेल. साहेब विचारतील, ‘कोणत्या तरतुदीला हरकत?’ आणि तुमच्या अर्जात तरतूदच नाही.

आधी एक गैरसमज काढू. पिवळा रंग म्हणजे बंगल्यांचा भाग, असं आपल्याकडे कधीच नव्हतं. निवासी पट्ट्यात बंगला, चाळ, रो-हाउस, चार मजली इमारत, सगळं निवासीच. एका प्लॉटवर एकच कुटुंब राहील असं आपला आराखडा सांगत नाही. तुमच्या ले-आउटच्या जुन्या अकृषिक आदेशात किंवा खरेदीखतात तशी अट असली तर ती वेगळी, ते कागद एकदा कपाटातून काढून वाचाच. नाहीतर चार घरं आजही बसतात. मुंबई आणि काही वेगळी क्षेत्रं सोडून राज्यभर डिसेंबर 2020 पासून एकच एकात्मिक विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. तिच्यात दाट वस्तीबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या किती पट बांधता येतं तो आकडा, 1.1 आहे. तुमचा प्लॉट पाच गुंठ्यांचा धरला, म्हणजे साधारण 506 चौरस मीटर, तर मूळ बांधकाम 556 चौरस मीटरपर्यंत जातं. जिने, बाल्कन्या वगैरेंसाठी पैसे भरून मिळणारं पूरक क्षेत्र यात धरलेलंच नाही. साठ-पासष्ट मीटरची चार घरं यात आरामात मावतात. मग आजवर झाली का नाहीत?

रस्त्यामुळे. नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर 1.1 च्या वर अधिमूल्य, म्हणजे जादा पैसे, भरूनही जादा निर्देशांक मिळत नाही, की दुसऱ्या जागेचा विकत आणलेला बांधकामाचा हक्क चढवता येत नाही. त्यात बाजूची मोकळी जागा सोडा, गाड्यांची जागा दाखवा. एवढं करून बिल्डरच्या हाती काही उरत नाही, म्हणून तो तुमच्या आळीकडे फिरकला नाही. मसुद्यात खरा बदल आहे तो त्या नऊ मीटरच्या दोन रेघांमध्ये, आणि तुमच्या अर्जात त्याबद्दल अवाक्षर नाही.

त्या रेघा जमिनीवर कुठे पडतात ते बघा. आज गल्ली चार मीटर असेल तर आणखी पाच मीटर हवेत, म्हणजे मध्यापासून मोजलं तर दोन्हीकडून अडीच-अडीच. वीस मीटर दर्शनी बाजू असलेल्या प्लॉटमधून पन्नास चौरस मीटर, अर्धा गुंठा गेला. रस्त्याला दिलेल्या जागेचा निर्देशांक उरलेल्या प्लॉटवर मिळतो हे खरं. पण त्या अडीच मीटरमध्ये तुमचा चिऱ्याचा गडगा, म्हणजे कुंपणाची भिंत, आहे, पुढच्या दोन माडांची ओळ आहे आणि कित्येक घरांची बाव आहे. निर्देशांकातून बाव परत मिळत नाही.

तेव्हा टेप घेऊन बाहेर पडा, आळीतल्या दोन तरुण पोरांना बरोबर घ्या. प्रत्येक घराचा सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, गडगा ते गडगा रुंदी, बाव रस्त्याच्या कडेपासून किती अंतरावर, हे एका कागदावर उतरवा. मग प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज द्यायचा, असा: ‘स.नं. अमुक, हि.नं. अमुक. मसुद्यात दाखवलेला 9 मीटर रस्ता माझ्या पिण्याच्या विहिरीवरून जातो. सोबत मोजमापाचा कच्चा नकाशा. रस्ता पश्चिमेकडे सरकवावा किंवा 6 मीटर ठेवावा.’ एवढंच. संस्कृती, पूर्वज, कोकणचं सौंदर्य काही लिहू नका. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या कलम 26 खाली मसुदा प्रसिद्ध होतो आणि नोटिशीपासून 30 दिवसांत हरकती-सूचना द्यायच्या असतात. अर्जाची पोच घ्या, शिक्का आणि तारीख असलेली. पुढे कलम 28 खाली नियोजन समितीपुढे सुनावणी होते. तिथे नगरपंचायतीचे सदस्य असतात, शिवाय नगररचना संचालकांनी नेमलेले जाणकारही असतात. त्या दिवशी लग्न असो की बारसं, जायचंच. गैरहजर माणसाची हरकत कशी वाचली जाते ते मी टेबलाच्या पलीकडून पाहिलंय.

आता माझं मत. तुम्ही मागितलं नाहीत, तरी देतो. चार घरांची, तळमजला अधिक एक अशी इमारत तुमच्या आळीत आली तर मला ती हवी आहे. तुमच्या गावातल्या सरकारी दवाखान्यातली परिचारिका कुठे राहते? बदलून आलेला बँकेतला मुलगा, एसटीचा चालक, हायस्कुलातले नवे शिक्षक? बंगला त्यांना परवडत नाही. सात मजली टॉवरमधले फ्लॅट मुंबईकरांनी सुटीसाठी घेऊन कुलूप लावलेले असतात. मधल्या मापाचं घर कोकणातल्या छोट्या गावांत जवळजवळ बांधलंच जात नाही, आणि ते नाही म्हणून ही माणसं रोज पन्नास किलोमीटर ये-जा करतात नाहीतर बदली मागून निघून जातात.

पण एक अट मीच घालेन. चार घरं म्हणजे चार कुटुंबांचं मैलापाणी, आणि आपल्याकडे गटारयोजना नाही, शोषखड्डाच आहे. शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून किमान 12 मीटर लांब असावा असं नियम सांगतो. जांभ्याच्या कातळात भेगा नि पोकळ्या असतात, त्यातून पाणी कुठून कुठे जाईल याचा नेम नाही, त्यामुळे मी बारावर थांबणार नाही. शिवाय विहीर फक्त स्वतःच्या प्लॉटमधली मोजायची नसते, शेजारची पण मोजायची असते, हे नकाशा काढणारे सोयीस्कर विसरतात. म्हणून रस्त्याच्या हरकतीबरोबर एक सूचनाही द्या: एका प्लॉटवर तीनपेक्षा जास्त घरं असतील तिथे बांधकामाच्या नकाशावर आजूबाजूच्या सगळ्या विहिरी दाखवणं सक्तीचं करावं. मानतील न मानतील, पण तुमचं म्हणणं कागदावर राहील. कोकणात 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकर येतो. तेव्हा बाव राखण्यासाठी भांडा. चार चुलींशी भांडण नको.

प्रश्न : मुलगा अमेरिकेत मिनिआपोलिसला आहे. तो म्हणतो, तिकडे एका कुटुंबाच्या घरांचा झोनच रद्द केला, आता एका प्लॉटवर तीन घरं बांधता येतात. आपल्याकडे असा कायदा का करत नाहीत?
(अलिबागजवळून)

उत्तर : मुलगा बरोबर सांगतो. पण वर लिहिलं तेच पुन्हा: जो झोन आपल्याकडे नव्हताच तो रद्द काय करणार? तिकडे स्वतंत्र बंगल्याशिवाय काहीच बांधायचं नाही असे पट्टे खरोखर आहेत. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीत 1916 मध्ये याची सुरुवात झाली. 1926 मध्ये ओहायोतल्या युक्लिड गावाच्या खटल्यात त्यांच्या सर्वोच्च न्यायालयाने असे पट्टे आखणं वैध ठरवलं, आणि मग ते देशभर पसरले. दुसरी चूल मांडली की नियमभंग. घरं महाग झाली तशी ही रचना कुठेकुठे मोडायला लागली. मिनिआपोलिसच्या नगर परिषदेने डिसेंबर 2018 मध्ये नवा आराखडा मंजूर केला आणि 2020 च्या सुरुवातीपासून निवासी प्लॉटवर तीन घरांपर्यंत परवानगी दिली. ओरेगन राज्याने 2019 मध्ये कायदाच केला: दहा हजारांवर लोकसंख्येच्या शहरांत जोडघरं, पंचवीस हजारांवर चार घरांपर्यंत. कॅलिफोर्नियाने 2021 मध्ये प्लॉटचे दोन भाग करून त्यांवर घरं बांधायला वाट दिली.

पुढचं मुलाने सांगितलं नसेल. मिनिआपोलिसमध्ये तीन घरांच्या इमारती फार थोड्या उभ्या राहिल्या. नवी घरं वाढली ती मुख्यतः बस आणि रेल्वेच्या मार्गांवरच्या मोठ्या इमारतींत. आणि 2021 मध्ये त्यांनी प्रत्येक घरामागे ठराविक गाड्यांची जागा ठेवायची सक्तीही काढून टाकली. पर्यावरणाच्या मुद्द्यावरून आराखडा काही काळ कोर्टात अडकला, तो 2024 मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा करून सोडवला.

तिकडून काही उचलायचंच असेल तर मी ती पार्किंगची गोष्ट उचलेन. छोट्या इमारतीत गाड्यांसाठी मागे जागा सोडायची म्हणजे आपल्याकडे आगर तोडायचं. ज्या शिक्षिकेकडे स्कूटर आहे तिच्यासाठी मोटारीची जागा राखायची आणि तिचं भाडं तिनेच भरायचं, हे मला कधी पटलं नाही. अलिबागला मात्र शनिवार-रविवारी रस्त्यावर लागणाऱ्या पुण्या-मुंबईच्या गाड्या बघितल्या की माझाही निर्धार जरा डळमळतो.

प्रश्न : आमचा घर देवगड तालुक्यात, खाडयेच्या वर. घोवाचे भाव मुंबयक, ते गणपतीक येतत. चार खोल्यो वर्षभर बंद. शाळेतली नवी बाई भाड्यान खोली सोधता, पण खय गावना नाय. घराचे तीन भाग करून भाड्यान दिले तर झोन आडवो येतलो काय?

उत्तर : वहिनी, तुमचं पत्र वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. नव्या इमारतींवरून सगळा जिल्हा भांडतोय आणि बांधलेली घरं कुलूप लावून कौलं गाळत उभी आहेत. एकेका वाडीत फिरून बंद दारं बघितली की वाटतं, वेगळ्या धाटणीची घरं हवीत तर पहिली इथे तयार आहेत.

झोन आडवा येणार नाही. घर निवासी आहे, शिक्षिका राहणार म्हणजे वापर निवासीच. पण आणखी तीन ठिकाणी अडाल.

पहिलं सातबारा. घराखालच्या जमिनीवर सगळ्या भावांची नावं असणार, कदाचित आत्यांचीही. ग्रामपंचायतीचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना 8, तुमच्या मालकांच्या एकट्याच्या नावावर असला तरी तो मालकीचा पुरावा नव्हे, तो घरपट्टीचा कागद. भाडं सुरू झालं की पहिल्या गणपतीतच विषय निघेल. तेव्हा आताच सगळ्यांकडून लेखी संमती घ्या: कोणत्या खोल्या, भाडं कोणाच्या खात्यात, दुरुस्ती कोण करणार, आणि गणपतीच्या दिवसांत मुंबईकरांना कोणत्या खोल्या मोकळ्या मिळणार. ही शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. ती नसली तर सही कोणी करणार नाही, आणि करूही नये.

दुसरं खाडी. भरती-ओहोटीच्या पाण्यालगतची जागा किनारा नियमन क्षेत्रात येते. 2019 च्या अधिसूचनेत खाडीसाठी पट्टा 50 मीटर किंवा खाडीची रुंदी, यातलं जे कमी ते. किनारा व्यवस्थापनाच्या नकाशावर तुमचं घर रेषेच्या आत आहे की बाहेर ते आधी बघून घ्या. ना-विकास पट्ट्यात असाल तर जुन्या अधिकृत घराची दुरुस्ती चालते, पण जोतं वाढवायचं नाही, निर्देशांक वाढवायचा नाही आणि घनताही वाढवायची नाही. म्हणजे भिंती घालून, तीन मोऱ्या आणि तीन स्वयंपाकघरं नव्याने बांधून घराचे तीन तुकडे केलेत तर कोणी बोट ठेवू शकतं. आहे त्या खोल्या आहे तशा, पडवीकडून वेगळं दार वापरून दिल्या तर तो प्रश्न उठायचं कारण नाही. पाहुण्यांसाठी घरगुती निवास करायचा विचार कधी आलाच, तर स्थानिकांना त्याची मुभा अधिसूचनेने दिलेली आहे, मात्र जोतं, रचना आणि दर्शनी भाग न बदलता.

तिसरा करार. ‘ओळखीची बाई आहे, कागद कशाला’ म्हणू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 चं कलम 55 सांगतं की करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर आहे. नोंदणी नसेल तर वादाच्या वेळी कोर्ट भाडेकरूचं म्हणणं धरून चालतं, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. भावांना हेच दाखवा. भाडेकरू घर बळकावेल या भीतीनेच ते नको म्हणत असतील, तर नोंदवलेल्या अकरा महिन्यांच्या परवाना कराराने ती भीती बरीच जाते.

आणि खर्च? कौलं परतणं, वायरिंग नवं, एक न्हाणीघर. पहिल्या वर्षाचं भाडं यातच जाईल असं धरून चाला. तरी माणूस राहतं घर वाळवीपासून वाचतं, आणि त्या दुरुस्तीचे पैसे तुम्हाला मुंबईहून मागावे लागत नाहीत.

प्रश्न : चिपळुणात आमचं जुनं घर पाडून तीन भावांसाठी तीन मजले बांधायचे आहेत. घर पूररेषेत आहे म्हणून परवानगी अडली. पूररेषा उठणार आहे असं सगळे म्हणतात. थांबू का?

उत्तर : थांबू नका, पण रेषा उठेल या भरवशावरही राहू नका. निळी रेषा साधारण पंचवीस वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतून एकदाच्या पुराची. निळीच्या आत नवं बांधकाम मिळत नाही. निळी आणि लाल यांच्यामध्ये असाल तर लाल रेषेच्या पातळीपेक्षा जोतं उंच घेऊन परवानगीचा मार्ग आहे. पाटबंधारे खात्याकडून तुमच्या जागेची पातळी लेखी घ्या, तोंडी ऐकलेल्यावर आर्किटेक्टला कामाला लावू नका. रेषा चुकीच्या आहेत हा चिपळूणकरांचा दावा मी वाचलाय, काही ठिकाणी तो मलाही पटतो. पण 22 जुलै 2021 ला वाशिष्ठीचं पाणी कुठवर आलं होतं ते तुमच्या भिंतीने तुम्हाला सांगितलंच असेल. त्या खुणेच्या खाली कुठल्याही भावाला झोपवू नका. तळमजला खांबांवर मोकळा ठेवा, वर तीन घरं घ्या. मीटर, पंप, इन्व्हर्टर पहिल्या मजल्यावर.

प्रश्न : शेजाऱ्याने माडी चढवली. तिची खिडकी थेट आमच्या न्हाणीकडे उघडते. झोन निवासी असताना हे चालतं?
(वेंगुर्ल्याहून)

उत्तर : झोनला खिडकी कळत नाही हो. त्याने तुमच्या हद्दीपासून बाजूचं अंतर नियमाप्रमाणे सोडलंय का, एवढाच प्रश्न आहे. सोडलं असेल तर खिडकी त्याची आणि पडदा तुमचा. सोडलं नसेल तर नगर परिषदेकडे लेखी तक्रार करा, पण त्याआधी हद्द कुठे आहे ते नक्की करा, कारण गडगा हद्दीवरच असतो असं नाही. उपअधीक्षक, भूमी अभिलेख यांच्याकडे मोजणीचा अर्ज करायचा. मोजणीची नोटीस शेजाऱ्यालाही जाते, तेव्हा ती त्याच्या हातात पडायच्या आधी तुम्हीच एकदा जाऊन त्याच्या कानावर घाला.